डोक्याची दुखापत : जखम भरल्यानंतरची वाट

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्याचे अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ असे तीन भाग पूर्वापार ओळखले जातात. त्यांपैकी नाणे मावळात, कुंडली नदीच्या खोऱ्यात वडिवळे हे गाव आहे. गावाच्याच नावाने ओळखले जाणारे धरण, सभोवार सह्याद्रीच्या रांगा आणि पावसाळ्यात हिरवीगार होणारी भातखाचरे असा हा मुलूख. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसारित केलेल्या ‘इंद्रायणी’ वाणाने या तालुक्याचे नाव घरोघरी पोचविले. परंतु आज केवळ भातशेतीवर येथील कुटुंबाचे भागत नाही. शिक्षण, बाजारहाट आणि कारखान्यातील नोकरी यांसाठी कामशेत, वडगाव, तळेगाव, लोणावळा अशी रोजची ये-जा करावी लागते, आणि ती बहुतांशी दुचाकीवरून होते.

या ये-जा करणाऱ्यांना लागणारे रस्तेही साधे नाहीत. मुंबई-पुणे हा जुना राष्ट्रीय महामार्ग तालुक्याच्या मध्यातून जातो. त्याच्याच जोडीने २००२ मध्ये पूर्ण झालेला, सुमारे ९५ किलोमीटर लांबीचा यशवंतराव चव्हाण द्रुतगती महामार्ग आहे. या मार्गांनी मावळात रोजगार आणला, तसे अपघातही आणले. २३ डिसेंबर २०१२ रोजी तालुक्यातील उर्से येथे द्रुतगती मार्गावर आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे हे दोन गुणी अभिनेते अपघातात दगावले, ही घटना मराठी प्रेक्षक अद्याप विसरलेला नाही. अपघातात दगावलेल्यांची नोंद होते, वृत्तपत्रांत बातमी येते. जे वाचतात, विशेषतः ज्यांच्या डोक्याला मार लागून जे वाचतात, त्यांच्या पुढील आयुष्याची वार्ता मात्र गावाच्या वेशीबाहेर क्वचितच जाते. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

इजा कशी होते?

मानवी मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम असते. कवटीच्या कठीण कवचात, द्रवात तरंगत असलेला हा अवयव अत्यंत मऊ असतो. वेगात असलेले वाहन एकाएकी थांबले किंवा डोके रस्त्यावर आदळले, की कवटी थांबते, परंतु आतील मेंदू क्षणभर पुढे जात राहतो आणि कवटीच्या आतील बाजूवर आपटतो. त्यामुळे मेंदू खरचटतो, त्यातील सूक्ष्म तंतू ताणले जाऊन तुटतात, रक्तवाहिन्या फुटून रक्त साकळते. ही झाली पहिली इजा. ती क्षणार्धात होते आणि ती परतविणे वैद्यकशास्त्राच्या हाती नाही.

दुसरी इजा त्यानंतरच्या काही तासांत व दिवसांत होते. मेंदूस सूज येते, साकळलेले रक्त त्यावर दाब देते, श्वास नीट चालू नसल्यास प्राणवायू कमी पडतो, रक्तदाब उतरल्यास मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. ही दुसरी इजा पुष्कळ अंशी टाळता येते. अपघातानंतरचा पहिला तास मोलाचा का, याचे उत्तर येथे आहे.

इजेची तीव्रता मोजण्यासाठी ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट या दोन तज्ज्ञांनी १९७४ मध्ये एक सोपी पद्धत सुचविली. ती आज जगभर वापरली जाते. रुग्ण डोळे कसे उघडतो, बोलतो कसा आणि हातपाय कसे हलवितो, यांवरून ३ ते १५ असे गुण दिले जातात. १३ ते १५ गुण म्हणजे सौम्य, ९ ते १२ म्हणजे मध्यम आणि ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर इजा समजतात. तथापि ‘सौम्य’ या शब्दाने फसून जाऊ नये. शुद्धीवर असलेला, बोलणारा, चालणारा मनुष्यही काही तासांनी बेशुद्ध होऊ शकतो. वयोवृद्ध व्यक्तीस तर साध्या पडण्यानंतर दोन-चार आठवड्यांनी हळूहळू रक्त साचल्याची लक्षणे दिसू लागतात आणि घरचे ती वार्धक्याची समजतात.

अपघातस्थळी काय करावे?

अपघात पाहणारा पहिला मनुष्य बहुधा डॉक्टर नसतो. तो शेतकरी, शिक्षक, दूधवाला किंवा वाटसरू असतो. त्याने प्रथम १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध आहे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांकही चालतो. जखमीस गदागदा हलवू नये, बसते करू नये, तोंडात पाणी घालू नये. डोक्यास मार लागलेल्याच्या मानेच्या मणक्यासही इजा असू शकते, म्हणून डोके व मान एका रेषेत स्थिर धरावी. त्याचा श्वास चालू आहे ना, हे पाहावे. उलटी होत असेल तर मान न वळवता संपूर्ण शरीर एकदम एका कुशीवर करावे. श्वास कोंडत नसेल तर हेल्मेट ओढून काढण्याची घाई करू नये. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड धरावे, मात्र हाड आत दबलेले वाटल्यास तेथे जोर देऊ नये.

पोलिसांच्या चौकशीत अडकू, या भीतीने पुष्कळ लोक मदतीस पुढे होत नाहीत. ही भीती आता निराधार आहे. मदत करणाऱ्यास संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी शिक्कामोर्तब केले, आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ घालून त्यास कायद्याचे बळ देण्यात आले. सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे असेही नाही. ही गोष्ट प्रत्येक ग्रामसभेत एकदा तरी वाचून दाखविण्याजोगी आहे.

घरी सोडलेल्या रुग्णावर पहिले एक-दोन दिवस बारीक लक्ष ठेवावे. डोकेदुखी वाढत जाणे, वारंवार उलट्या, न थांबणारी गुंगी, आकडी, बोबडे बोलणे, एका बाजूची शक्ती कमी होणे, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव येणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

बार्बाडोसचे मैदान

डोक्याच्या गंभीर दुखापतीतून मनुष्य कसा उठतो, याचे एक उदाहरण भारतीय क्रिकेटच्या इतिहासात आहे. मार्च १९६२ मध्ये भारतीय संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू आदळला. त्या काळी फलंदाज हेल्मेट वापरीत नसत. कवटीस तडा गेला, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली, आणि कित्येक दिवस ते बेशुद्ध होते. रक्ताची गरज भासताच वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी आपले रक्त दिले. भारतीय संघातील पॉली उम्रीगर, बापू नाडकर्णी आणि पुण्याचे चंदू बोर्डे यांनीही रक्तदान केले. पुढे वेल्लोर येथे, भारतातील मेंदूशल्यचिकित्सेचे प्रवर्तक डॉ. जेकब चँडी यांच्या हस्ते कॉन्ट्रॅक्टर यांच्या कवटीत धातूची पट्टी बसविण्यात आली. ती साठ वर्षांनी, २०२२ मध्ये, काढण्यात आली.

कॉन्ट्रॅक्टर त्यानंतर कसोटी सामना खेळू शकले नाहीत. परंतु ते पुन्हा मैदानात उतरले आणि १९७०-७१ पर्यंत प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले. या हकिकतीत दोन गोष्टी ध्यानी घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की रक्त, शस्त्रक्रिया आणि शुश्रूषा वेळेवर मिळाली. दुसरी अशी, की बरे होणे म्हणजे पूर्वीचे सर्व जसेच्या तसे परत मिळणे नव्हे. जे उरले आहे त्याच्या आधारे आयुष्याची नवी घडी बसविणे, हेही बरे होणेच होय.

घरी आल्यानंतर

रुग्णालयातून रुग्ण घरी येतो, टाके काढले जातात, केस पुन्हा वाढतात. शेजारीपाजारी म्हणतात, देवाच्या कृपेने वाचला, आता ठणठणीत आहे. खरी कसोटी येथून सुरू होते. पूर्वी शांत असलेला मनुष्य क्षुल्लक कारणावरून चिडतो. सकाळी सांगितलेले दुपारी विसरतो. तासभर काम केले की गळून जातो. चारचौघांच्या गलबल्यात त्यास बसवत नाही. शब्द ओठांवर येऊन अडतो. कोणास वास व चव कळेनाशी होते, कोणी उदास होऊन घरातच बसून राहतो. बाहेरून काहीच दिसत नसल्याने घरच्यांना हा आळस किंवा मुद्दाम केलेला हेकटपणा वाटतो. गावात कोणी वेड म्हणते, कोणी बाहेरची बाधा म्हणते, आणि रुग्णालयाऐवजी पावले भलतीकडे वळतात.

वस्तुतः ही सर्व मेंदूच्या इजेची लक्षणे आहेत. मेंदूचा पुढचा भाग मनुष्याच्या आवरशक्तीचे, नियोजनाचे व तारतम्याचे स्थान आहे, आणि अपघातात तोच वारंवार दुखावतो. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात १३ सप्टेंबर १८४८ रोजी रेल्वेमार्गाच्या कामावरील फिनिअस गेज या मुकादमाच्या डोक्यातून सुरुंगाच्या स्फोटाने लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, परंतु त्याचा स्वभाव बदलला. तो पूर्वीचा राहिला नाही, असे त्याच्या परिचितांचे मत झाले. वैद्यकीय ग्रंथांत हा भाग नेहमी सांगितला जातो. कमी सांगितले जाते ते असे, की हाच गेज पुढे चिली देशात काही वर्षे घोडागाडी हाकण्याचे काम करीत होता. ठरलेली वेळ, ठरलेला मार्ग आणि रोजचे तेच काम यांनी त्यास सावरले असावे, असे अलीकडील अभ्यासकांना वाटते.

ठरलेल्या दिनक्रमाचा हा उपाय मावळातील कोणत्याही घरास परवडण्याजोगा आहे. उठणे, जेवणे, औषध, फिरणे, विश्रांती यांच्या वेळा बांधून द्याव्यात. भिंतीवर मोठ्या अक्षरांत दिवसाची कामे लिहावीत. वस्तूंच्या जागा बदलू नयेत. एका वेळी एकच गोष्ट, थोडक्या शब्दांत सांगावी. राग आला असता वाद न घालता थोडा वेळ जाऊ द्यावा. झोप पुरेशी मिळावी. दारू पूर्णपणे वर्ज्य समजावी. तिने आकडीचा आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. आकडीची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नयेत. वाहन चालविणे, विहिरीवर किंवा झाडावर चढणे, यंत्रावर काम करणे, या गोष्टी डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच सुरू कराव्यात.

भौतिकोपचाराने हातापायांची शक्ती व तोल सुधारतो, व्यवसायोपचाराने अंघोळ, कपडे, स्वयंपाक, शेतीकाम अशी रोजची कामे पुन्हा शिकविली जातात आणि वाचोपचाराने बोलणे व गिळणे सुधारते. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून कार्य करणारी भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था या क्षेत्रात अग्रेसर आहे. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत अधिक असतो, नंतर तो मंदावतो, पण थांबतो असे नाही. मेंदूचे निरोगी भाग सरावाने नवे मार्ग तयार करतात. म्हणून वर्षानंतरही सराव सोडू नये.

या सर्व काळात एका व्यक्तीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, ती म्हणजे रुग्णाची शुश्रूषा करणारी पत्नी, आई किंवा बहीण. शेत, गुरे, मुले आणि रुग्ण असा चौपदरी भार तिच्यावर येतो. रुग्णाच्या रागाचा पहिला घाव तीच सोसते. आठवड्यातून काही तास दुसऱ्या कोणी रुग्णाजवळ बसावे, इतकी साधी व्यवस्था भावकीने केली तरी तिला मोठा आधार होतो.

शिक्षकांची भूमिका

डोक्यास मार लागलेला विद्यार्थी शाळेत परत येतो तेव्हा तो वरवर पूर्वीसारखाच दिसतो. परंतु फळ्यावरचे उतरवून घेण्यास त्यास वेळ लागतो, पाढे विसरतात, दुपारनंतर लक्ष लागत नाही. त्यास ढ किंवा खोडकर ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी अपघाताची माहिती करून घ्यावी. आरंभी अर्धा दिवस शाळा, पुढच्या बाकावर जागा, मधून मधून विश्रांती, लेखनासाठी जादा वेळ, गृहपाठ कमी, अशी सवलत द्यावी. डॉक्टरांनी संमती देईपर्यंत कबड्डी, खोखो यांसारख्या खेळांत त्यास उतरवू नये. पहिली इजा पूर्ण बरी होण्यापूर्वी झालेला दुसरा आघात फार घातक ठरतो.

शासकीय योजना व कायदा

खर्चाच्या धास्तीने उपचार अर्धवट सोडणारी कुटुंबे अनेक असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत संलग्न रुग्णालयांमध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियांसह अनेक उपचारांसाठी प्रति कुटुंब प्रति वर्ष ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र शासनाने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेनुसार, नियुक्त रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख रक्कम न भरता उपचार मिळतात.

नुकसानभरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या कुटुंबाची ही मुदत सहज निघून जाते. म्हणून पोलिसांतील नोंद, रुग्णालयाची कागदपत्रे, सी. टी. स्कॅनचे अहवाल आणि औषधांच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका पिशवीत जपून ठेवाव्यात. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि दिव्यांग यांना विधी सेवा प्राधिकरणामार्फत मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. मेंदूस गंभीर इजा झालेल्या एका बालिकेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, तिची देखभाल करणाऱ्यांचा दीर्घकालीन खर्चही भरपाईत धरला. घरातील शुश्रूषेस पैशातही मोल आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य करण्यात आले आहे. त्यात अपघाती मेंदूइजा या नावाची स्वतंत्र नोंद नाही. परंतु इजेमुळे राहिलेले चालण्याचे, बोलण्याचे, दृष्टीचे, बुद्धीचे किंवा मनाचे दौर्बल्य त्या त्या प्रकारात तपासून प्रमाणपत्र देता येते, आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास अनेक सवलतींचा लाभ मिळू शकतो. ‘तुमचा आजार यादीत नाही’ असे ऐकून कुटुंबाने परत फिरू नये. कोणते दौर्बल्य राहिले आहे ते नेमके सांगून तपासणी मागावी.

ग्रामपंचायत काय करू शकते?

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. या निधीचा विचार करताना हातापायांनी अधू असलेली व्यक्ती चटकन डोळ्यांपुढे येते, स्मृती व वाणी गमावलेली येत नाही. आशा कार्यकर्ती आणि ग्रामसेवक यांच्या साह्याने गावातील अशा व्यक्तींची नोंद घेतल्यास किती घरे हा भार मुकाट्याने वाहत आहेत, ते समजेल. उपचारासाठी जाण्यायेण्याचा खर्च, घरात धरण्यासाठी कठडा, शौचालयात आधाराची दांडी, असा थोडका खर्चही रुग्णाचे परावलंबन कमी करतो. झेपेल असे काम, मग ते रोपवाटिकेतील असो वा वाचनालयातील, त्यास मिळाले तर औषधाइतकाच गुण येतो.

आणि सर्वांत स्वस्त उपचार म्हणजे इजा होऊच न देणे. १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने विख्यात असलेले टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलच्या अपघातात डोक्यास मार लागून दगावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी एक असलेल्या ह्यू केर्न्स या शल्यचिकित्सकाने पुढे मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून हेल्मेटचे महत्त्व १९४१ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर आठ दशके लोटली. तरीही २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या, आणि त्यांतील ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते. त्या ५० हजारांत १४,३३७ जण मागे बसलेले होते, हे विशेष लक्षात घेतले पाहिजे. कायद्याने चालकाइतकेच मागे बसणाऱ्यासही हेल्मेट बंधनकारक आहे. ‘जवळच तर जायचे आहे’ ही सबब वडिवळ्याहून कामशेतला निघालेल्यासही लागू नाही. डांबरी रस्ता अंतर पाहून मऊ होत नाही.

भात लावणीच्या दिवसांत मावळात एकमेकांच्या खाचरात राबण्याची रीत जुनी आहे. आज तुमचे, उद्या आमचे, अशा विश्वासावर ती चालते. अपघातातून वाचलेल्या मनुष्याची पुन्हा उभारणी हेही अशाच सामुदायिक श्रमाचे काम आहे. शल्यचिकित्सक त्याचे प्राण राखतो. त्यास पुन्हा माणसांत आणण्याचे काम मात्र घर, शाळा आणि पंचायत यांनाच करावे लागते.